तिठ्यावरचा उतारा

मनिषा संशयी बाई नव्हती. असं ती स्वतःच सांगते, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला आपली काही हरकत नाही. नवऱ्याचा शर्ट धुवायला टाकताना खिसे चाचपणं, तो आंघोळीला गेला की त्याचा मोबाइल उघडणं आणि टेम्पोच्या सीटला परक्या पावडरीचा वास येतो का म्हणून नाक लावणं, एवढंच ती करत होती. तेही या उन्हाळ्यापासून. त्याआधी तिला हरेशच्या खिशांत रस नव्हता, कारण त्यांत माशाच्या वाळलेल्या खवल्यांशिवाय कधी काही सापडलं नव्हतं.

हरेशचं काम माशांचं. पहाटे अंधारात टेम्पो काढायचा, उरणकडच्या करंजाच्या बंदरावर लिलावात उभं राहायचं, सुरमई-पापलेट बर्फात भरायचं आणि खारघर-कळंबोलीच्या हॉटेलांत पोचवायचं. बापजाद्यांची मिठागरं आणि भातखाचरं केव्हाच गेली होती, त्यांवर आता उंच इमारती होत्या, आणि त्या इमारतींतली माणसं दुपारी हरेशची सुरमई खात होती. हरेश वेळेचा पक्का. त्याचा टेम्पो दाराशी आला की मसाला वाटायला घ्यायचा, असा दोन-चार हॉटेलांचा शिरस्ताच पडून गेला होता.

तो शिरस्ता या उन्हाळ्यात मोडला. हरेश उशिरा येऊ लागला. आधी थोडा, मग चांगलाच. खोक्यातल्या बर्फाचं पाणी व्हायचं, मासा मऊ पडायचा, हॉटेलवाले नाक मुरडून परत पाठवायचे. विचारलं की हरेश म्हणायचा, टायर पंक्चर झाला. किंवा कंटेनरची रांग लागली होती. एका टेम्पोला चार चाकं असतात, आणि हरेशच्या सांगण्यावर जायचं तर ती चारही आळीपाळीने पंक्चर होत होती. मनिषाने एकदा टायरवरून हात फिरवून पाहिला. पंक्चर काढल्याची एकही खूण नव्हती.

कुठेतरी पाणी मुरत होतं. घरी आल्यावर तो आधी आत येत नसे. टेम्पोच्या पुढच्या चाकांपाशी उकिडवा बसायचा, मोबाइलच्या बॅटरीने बंपरखाली बघायचा, बोट फिरवायचा, बोटाचा वास घ्यायचा. मग पाइप लावून धुवायचा, आणि धुऊन झालं की परत बघायचा.

"काय बघताव?" तिने विचारलं होतं.

"माशाचा लाल पानी लागलाय, ता बघतो."

माशाच्या टेम्पोला माशाचं पाणी नाही लागणार तर काय अत्तर लागणार? पण हे तिने मनातच ठेवलं. आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. कोमल, त्यांची लेक, रोज बापाच्या टेम्पोत पुढे बसून शाळेत जायची. तेही त्याने बंद केलं. म्हणाला, चालत जाऊ दे. शाळेसमोरच्या रस्त्यावर टेम्पो नेणारच नाही म्हणाला. पोरीने रडून बघितलं, रुसून बघितलं. बाप ऐकेना. मनिषाच्या मनात आलं, माणसाचं मन घरातून उठलं की ते पहिलं लेकरांवरून उठतं.

अशात निशाचा फोन आला. निशा तिची मावसबहीण, करंजाच्या वाटेवरच्या गव्हाण फाट्याजवळ राहायची.

"मनिषा, राग मानू नको," निशाने सुरुवात केली, म्हणजे राग यावा असंच काहीतरी होतं. "भावोजींचा टेम्पो रोज आमच्या फाट्यावर उबा असतो. तिथं एक ताडगोळेवाली बसते. तिच्याशी बोलताना आमच्या यांनी दोनदा बघितलाय. जातात आन परत येतात. एकदा गेले आन परत आले, परत गेले आन परत आले."

"बोलतात म्हंजे काय बोलतात?"

"ता कसा समजंल? पन ताडगोळे घेताना कोनी बघितला नाय."

दुसऱ्या दिवशी हरेश येऊन, जेवून आडवा झाल्यावर मनिषाने स्कूटी काढली. निघण्यापूर्वी बऱ्यापैकी साडी नेसली आणि केसांत गजरा माळला. सवतीला भेटायला कुठली बाई गबाळी जात नाही. वाटभर तिने काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. पण फाट्यावर निळ्या ताडपत्रीच्या सावलीत ताडगोळ्यांच्या पाटीपुढे जी बसली होती ती तिच्या सासूच्या वयाची. तोंडात मिश्री, पायात दोन वेगळ्या चपला. मनिषाला हसूच आलं. गजरा माळल्याची लाज वाटली. स्कूटी लावून तिने ताडगोळे मागितले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आये, इथं एक माशाचा टेम्पोवाला थांबतो ना?"

म्हातारीने सुरी थांबवली. "तू कोन त्याची?"

"मी... ओळखीची."

"मंग सांग त्याला, या आयेला तरास देऊ नको. रोज येतो. इचारतो, आये, इथं कोनाला ठोकला काय? कोन पडला काय रस्त्यावर? मी बोलते नाय रे बाबा. जातो. घटकाभराने परत हजर. गटारात वाकून बघतो, झुडपांत बघतो. परत इचारतो." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाय, मी रस्त्याच्या कडेला जलम काढलाय. ज्याच्या हातून काय झाला नाय, तो असा कशाला इचारंल?"

मनिषाने स्कूटीची किल्ली फिरवली. ताडगोळे तिथेच विसरून ती निघाली.

सवत परवडली असती. सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या उपटता येतात, चार माणसांत तिची अब्रू काढता येते. पण नवऱ्याने अंधारात कुणाला तरी उडवलं असेल आणि तसाच निघून आला असेल, तर भांडायचं कुणाशी? आता सगळ्याचा अर्थ लागत होता. बंपर धुणं, बोटाचा वास घेणं, शाळेचा रस्ता टाळणं. ज्याने एकाला मारलं त्याला पोरांच्या गर्दीतून टेम्पो कसा नेववेल! ती घरी येऊन टेम्पोभोवती फिरली. बंपरवर डाव्या बाजूला एक ओरखडा होता. जुना असेल, नवा असेल. ओरखड्यावर तारीख लिहिलेली नसते.

मग तिचाही तोच उद्योग सुरू झाला. हरेश झोपला की मोबाइलवर बातम्या शोधायची. अनोळखी इसम, अज्ञात वाहन, उरण रस्ता. एखादी बातमी सापडली की आधी गावाचं नाव शोधायची, आणि ती दुसऱ्याच कुठल्या गावची निघाली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. थोड्या वेळाने पुन्हा शोधायची. आधी नीट बघितलं नसेल तर?

एकदा जेवताना तिने खडा टाकून पाहिला. "निशाच्या बाजूला म्हने कोनाचा तरी अक्सिडेंट झाला."

हरेशचा घास हातातच राहिला. त्याने तिचं मनगट धरलं ते दुखेपर्यंत. "कधी? कुठं? कोन होता? मेला काय? सांग ना, मेला काय?"

"मना काय म्हाईत? मी आयकला फकस्त."

तो ताटावरून उठला, हात न धुता टेम्पो काढून गेला आणि ऊन उतरल्यावर परत आला. तेव्हा मनिषाची खात्री झाली. येत्या रविवारी कोमलला घेऊन माहेरी जायचं आणि मग परतायचं की नाही ते बघायचं, असं तिने ठरवलं. खुन्याच्या घरात लेक वाढवायची नव्हती. हे ठरवून ती न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली, कारण हरेश तिला आवडत होता. ती गोष्ट काही तिच्या ठरवण्यावर नव्हती.

जाण्यापूर्वी सासूच्या कानावर घालावं म्हणून तिने गोदूबाईला सगळं सांगितलं. गोदूबाई बोंबील निवडत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "माजा हरेश खुनी नाय. लहान असताना मेलेला चिमना घरी आनून पुरायचा तो. त्याला लागलाय काय तरी. तिठ्यावरून अंधारात जातो, कोनाचा तरी उतारा ओलांडला असंल. आपुन त्याचा उतारा काढू."

मनिषा बारावी शिकलेली, उताऱ्याबिताऱ्यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. पण खुनी नवऱ्यापेक्षा लागलेला नवरा बरा. तिने मान डोलावली.

अमावास्येच्या दुपारी हरेश झोपला असताना गोदूबाईने त्याच्यावरून सगळं ओवाळून घेतलं. कुंकू कालवलेला लालभडक भात, अंडं, लिंबू आणि शेंडीसकट नारळ. दिवेलागणीला ते केळीच्या पानावर मांडून मनिषाच्या हातात दिलं. "आपल्या गल्लीच्या तोंडाशी, तिठ्यावर ठेव. त्याचा टेम्पो वळतो तिथंच. ठेवलास की मागं वळून बघायचा नाय. आन कोनाला सांगायचा नाय, त्याला तर नायच. बोललीस का सगळा फुकट."

मनिषाने तिठ्यावर पान ठेवलं आणि सरळ घरी आली. मागे वळून बघण्याची इतकी उबळ आली होती की तिने वाटेत दातांत पदर धरला.

आणि पहाटे, नेहमीसारखा, गावातला पहिला टेम्पो हरेशचा निघाला.

तो गेल्यावर मनिषाला झोप लागली नाही. फटफटायला लागलं तेव्हा टेम्पो परत आल्याचा आवाज आला. इतक्या लवकर तो कधी येत नसे. हरेश दारात उभा राहिला. घामाने भिजलेला, हातातल्या मोबाइलची बॅटरी अजून चालूच.

"चाकाखाली आला कोन तरी," तो म्हणाला. "तिठ्यावर. काडकन वाजला. कवटी फुटावी तसा. मी उतरून बघितला. रस्ता लाल हाय, मनिषा. मानूस नाय, पन रस्ता लाल हाय. कोनी उचलून नेला असंल. नायतर सरपटत गेला असंल कुठं तरी."

मनिषाला कळायचं ते क्षणात कळलं. भात कुत्र्यांनी खाल्ला असेल, नारळ फुटून कडेच्या गवतात उडाला असेल, आणि कुंकू तेवढं रस्त्यावर राहिलं. तिच्या ओठांवर आलंच होतं. पण आतल्या दारात गोदूबाई उभी होती आणि डोळे मोठे करून मान हलवत होती. बोलायचं नाही. बोललं की फुकट.

आणि खरं सांगायचं तर एकट्या सासूच्या धाकाने मनिषा गप्प बसली नाही. तिच्या मनात दुसरंच आलं होतं. आज नारळ होता. पण गव्हाण फाट्यावर? तिथे कोण होतं? बोलू दे याला एकदा. फुटू दे जे काय आहे ते.

"तू बोलत का नाय?" हरेशने विचारलं. "तुला कायतरी म्हाईत हाय. कोन होता?"

ती गप्प राहिली. हरेशने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या गप्प बसण्यातच त्याला उत्तर मिळालं. "मी पोलिसांत जातो," तो म्हणाला, आणि गेला.

टेम्पोचा आवाज विरेपर्यंत मनिषा उभी होती. मग तिला एकदम भीती वाटली. हा माणूस तिथे बसून न केलेल्या खुनाची कबुली देईल, आणि नारळाची गोष्ट फक्त आपल्या दोघींना ठाऊक आहे. "आई, मी सांगनार," ती म्हणाली, आणि गोदूबाई काही बोलायच्या आत तिने स्कूटीला किक मारली.

पोलीस ठाण्यात हरेश बाकावर बसला होता. हात गुडघ्यांत घट्ट दाबलेले. टेबलामागे विश्वजीत नावाचे तरुण फौजदार चहा पीत होते. तिने नाव सांगताच त्यांनी कप खाली ठेवला आणि तिला बाजूला घेतलं.

"तुम्ही मिसेस का? बरं झालं आलात. हे काही पहिल्यांदा आलेले नाहीत. याआधीही येऊन गेलेत, गव्हाण फाट्यावर ॲक्सिडेंट केला म्हणून. आम्ही सगळं चेक केलं. उरण साइडला फोन केले, हॉस्पिटलला विचारलं, त्यांना गाडीत घालून तो रस्ता दाखवून आणला. काहीही झालेलं नाही. समजावून घरी पाठवलं. घरी नाही बोलले?"

मनिषा भिंतीला टेकली. काहीही झालेलं नाही. किती दिवस तिला हेच ऐकायचं होतं. आता ऐकल्यावर आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण अर्धाच. मग हा माणूस रोज गटारात कुणाला शोधतो?

ती हरेशसमोर जाऊन उकिडवी बसली. "अवो, आयका. तो नारळ होता. मी ठेवलेला. आईने तुमच्यावरून उतारा काढला, मी तिठ्यावर ठेवला. लाल होता ता कुंकू. भात होता कुंकवाचा."

हरेशने तिच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा सैल झाला. "नारळ?" तो म्हणाला आणि हसला. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता. फौजदारही हसले. हवालदाराने आणखी चहा मागवला. मनिषाच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं एकदाचं.

चहा पिऊन दोघं बाहेर आली. टेम्पोपाशी आल्यावर हरेश थांबला. किल्ली हातात घेऊन त्याने बंपरकडे पाहिलं.

"मनिषा."

"काय?"

"नारळ होता, ता बरोबर. पन नारळाच्या बाजूला कोन झोपला असंल तर? नारळाचा आवाज मी आयकला. त्याचा आयकला नसंल तर?"

मनिषाने आधी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं. मग त्याचे डोळे पाहिले आणि मिटलं. त्या डोळ्यांत लबाडी नव्हती. कळवळून विचारणाऱ्या माणसाची भीती होती. तो काही लपवत नव्हता. त्याला पुरावा दिला, साक्षीदार दिला, नारळ दिला, आणि संशय त्या सगळ्याला वळसा घालून पुन्हा समोर उभा राहिला होता. तिला आपलं बातम्या शोधणं आठवलं. आधी नीट बघितलं नसेल तर? तिचं ते वेड थोडक्यात आटोपलं होतं. हा त्यात राहत होता.

फौजदार दारापर्यंत आले होते. त्यांनी ऐकलं असावं. "वहिनी, हे आमच्याकडचं काम नाही," ते म्हणाले. "डॉक्टरकडे न्या. मनाच्या डॉक्टरकडे. यात लाजण्यासारखं काही नाही."

डॉक्टर अरुंधती यांचा दवाखाना पनवेलात एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. गोदूबाईही आली. तिला डॉक्टरवर लक्ष ठेवायचं होतं. हरेशने सगळं सांगितलं, आधी अडखळत, मग धडाधड. रस्त्यात खड्डा लागला की वाटतं माणूस होता. माहीत असतं की खड्डा होता. तरी वाटतं. परत जाऊन बघितलं की बरं वाटतं, पण घटकाभरच. मग वाटतं, परत जाताना वाटेत दुसऱ्याला उडवलं असेल तर?

"मी वेडा हाय काय, मॅडम? का माज्या मनातच कुनाला मारायचा हाय?"

"दोन्ही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस मारायचं मनात असतं तर इतकी धास्ती वाटलीच नसती. जी गोष्ट तुम्हाला सगळ्यांत नकोशी आहे, तीच हा आजार पुढे आणून दाखवतो. याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, इंग्रजीत ओसीडी. कुणाला वाटतं हात घाण आहेत, कुणाला वाटतं गॅस चालू राहिला. तुम्हाला वाटतं कुणाला उडवलं. नको असलेला विचार घुसतो, तो घालवायला माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, आणि केली की विचार आणखी जोर धरतो."

"पन हा येतो कुठून?" मनिषाने विचारलं.

"मेंदूतून. कपाळामागचा भाग चूक शोधत असतो, काही गडबड दिसली की घंटा वाजवतो. ती प्रत्येकाची वाजते. खोल आतला दुसरा भाग म्हणतो, बघितलं, ठीक आहे, चला पुढे. मग घंटा थांबते. यांच्यात हे दोन भाग एकमेकांत अडकून पडतात आणि घंटा वाजतच राहते. मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात, त्यांतल्या सेरोटोनिनचा याच्याशी संबंध असावा असं दिसतं. सगळं अजून उलगडलेलं नाही. पण त्यावरची औषधं बऱ्याच जणांना लागू पडतात. आनुवंशिकताही असते. घराण्यात कुणाला असं होतं?"

हरेशने मान हलवली. नाही. तेव्हा कोपऱ्यातून गोदूबाई म्हणाली, "मालू."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"याची आत्या. माजी ननंद. मिठागरावर कामाला जायची. हात धुवायची, धुवायची, चामडी निघंपरयंत धुवायची. मिठाने झोंबायचा, रडायची, पन थांबायची नाय. नवऱ्याने आनून टाकली आमच्या दारात. लोक बोलले वारा लागला. लय उतारे काढले." गोदूबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. "मी तिला हंड्याला शिवू द्यायची नाय. सगळा पानी संपवंल म्हनून. तशीच गेली ती. तिला बी हाच होता काय, बाय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "असू शकेल. तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

गोदूबाईने पदराने तोंड झाकलं. मनिषाने सासूच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच गेला असेल.

औषध सुरू झालं. गुण यायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण खरं औषध कडू होतं आणि ते बाटलीत नव्हतं. सल्ल्यासाठी दर आठवड्याला जायचं, आणि तिथे शिकवतील तसं एकेक पायरी करायचं. आधी बंपर एकदाच बघायचा. मग बघायचाच नाही. मग खड्ड्यावरून जायचं आणि परत फिरायचं नाही. भीती वाटेल, वाटू द्यायची. ती आपोआप उतरते, हे मेंदूला स्वतः शिकू द्यायचं.

मनिषाच्या वाट्याला आलेलं काम त्याहून अवघड होतं. "ते तुम्हाला विचारतील, कुणाला उडवलं नाही ना?" डॉक्टर म्हणाल्या होत्या. "तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"म्हंजे हो म्हनू?"

"तसंही नाही. माहीत नाही म्हणायचं. तुमचं 'नाही' म्हणजे त्या शंकेला रोजचा चारा. प्रेमाने घालता, पण त्याने ती पोसते."

किती साधं वाटलं होतं ऐकताना. पण घरी हरेश विचारायचा तेव्हा मनिषाच्या जिभेवर 'नाय' तयार असायचं. कधी निसटायचंही. मग दोघं एकमेकांकडे चोरट्यासारखी बघायची. काही दिवस बरे गेले, काही अगदी वाईट. एकदा तर तो तिच्यावर ओरडला, "तुला म्हाईत हाय आन तू सांगत नाय!" तेव्हा मनिषाला ती पहाट आठवली. तेव्हा ती खरंच लपवत होती, आणि आता लपवत नसताना तसं दिसत होती.

मग तो दिवस आला जेव्हा डॉक्टरांनी करंजा ते खारघर पूर्ण रस्ता सांगितला. मासे घेऊन, न थांबता. मनिषा बाजूला बसली. ऊन वर यायला लागलं होतं. मागे बर्फात सुरमई होती. जासई गाव गेलं तरी हरेश ठीक होता, फक्त स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती.

गव्हाण फाट्याच्या अलीकडे एका डंपरला वाट देताना टेम्पो कडेला उतरला आणि धाडकन आदळला. मागची खोकी हलली. हरेशने करकचून ब्रेक दाबला. मनिषाने पुढे पाहिलं होतं, आपल्या डोळ्यांनी. उखडलेल्या डांबराचं ढेकूळ होतं, दुसरं काही नव्हतं.

"मनिषा," तो म्हणाला. "कोन नवता ना? एकदाच सांग. परत नाय इचारनार."

पलीकडे निळ्या ताडपत्रीखाली ती म्हातारी मान वर करून बघत होती. मनिषाच्या जिभेवर 'नाय' आलं. एक शब्द होता. तो खरा होता, फुकटचा होता, आणि त्याने या माणसाचा थरकाप आत्ता या क्षणी थांबला असता.

"मना म्हाईत नाय," ती म्हणाली.

हरेशचा हात गिअरवर गेला. रिव्हर्सपाशी थांबला. त्याने बाजूच्या आरशाकडे डोळे वळवले आणि मनिषाला रडू फुटलं.

"आईने काय सांगितलेला?" ती तशीच रडत म्हणाली. "ठेवायचा, आन मागं वळून बघायचा नाय. मी नवता बघितला. लय वाटला, तरी नवता बघितला. तुमी बी ठेवा."

तो तसाच बसून राहिला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. हरेशच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला, तो त्याने पुसला नाही. मग त्याने पहिला गिअर टाकला.

टेम्पो हलला. फाटा मागे पडला. मनिषाने आपल्या बाजूच्या आरशात बघितलं नाही. समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ती नुसती पुढे बघत राहिली. हरेश ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होता, पण गाडी थांबवत नव्हता.

खारघरच्या हॉटेलात पोचली तेव्हा खोक्यात बर्फ होता.